नव्या गच्चीवर पाणी साचतंय? कंत्राटदाराला फोन लावण्याआधी हे करा

आमच्या सोसायटीची गच्ची मे महिन्यात नवी झाली. जुना कोबा फोडला, राडारोडा पोत्यांत भरून खाली उतरवला, नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पाणी रोखणारा थर, घातला, वर टाइलच्या तुकड्यांचं पांढरं चायना मोझाइक. इतकी देखणी झाली की दोन कुटुंबांनी लगेच पापड वाळत घातले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला आणि सकाळी सातला चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "सेक्रेटरी, वर तळं झालंय. चहा नंतर घ्या."

जिन्याच्या दारासमोर दहा बाय बाराच्या पट्ट्यात पाणी उभं होतं. कंत्राटदार आला, चपला हातात घेऊन मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, खाली कोणाकडे गळतंय का? नाही ना? मग काम चोख आहे."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. पाणी स्लॅबमधून खाली न येणं हे एक काम. पाणी गच्चीवरून निघून जाणं हे दुसरं. आपण पैसे मोजतो तेव्हा दोन्ही गृहीत धरतो, पण कागदावर फक्त पहिलंच असतं. पुढचे दोन महिने मी हे दुसरं काम शिकण्यात घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप. सगळं कोबा किंवा मेंब्रेन (पाणी रोखणारी चादर) असलेल्या सपाट गच्चीबद्दल आहे. पत्र्याच्या किंवा कौलारू छपराचं शास्त्र वेगळं.

आधी एवढं जमवा

सामान: पारदर्शक लेव्हल नळी (हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते), मापाची टेप, स्टीलची सहा इंची पट्टी, गेरूचा खडा, दोन बादल्या, टॉर्च, खायचा लाल रंग, आणि एक मदतनीस. शेवटचा सगळ्यात दुर्मिळ.

कागद: सर्वसाधारण सभेचा ठराव, वर्क ऑर्डर आणि त्यातली कामाची यादी, हमीपत्र, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असल्यास तो, इमारतीचा मंजूर नकाशा, आणि काम चालू असतानाचे तारखेसह फोटो. फोटो कोणाकडेच नाहीत असं वाटलं तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर सरकत जा. आमचा सगळ्यात मोठा पुरावा तिथेच, वाढदिवसाच्या दोन केकांच्या मध्ये सापडला.

१. पाऊस थांबला की वेळ लिहून ठेवा आणि गेरू घेऊन वर जा

त्याआधी एक गोष्ट. पाणी जिन्याच्या उंबऱ्याला टेकलं असेल आणि लिफ्टची मशीन रूम शेजारीच असेल, तर लिफ्ट बंद करायला सांगा. पाणी जिन्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं तर खर्च गच्चीपेक्षा वेगळाच. आणि विजा चमकत असताना कोणीही वर जाऊ नये, मीही गेलो नव्हतो.

पाऊस थांबल्यावर तासाभराने पहिली फेरी मारा. नुकता पाऊस थांबला की पाणी सगळ्याच गच्च्यांवर दिसतं, त्यावरून भांडायला जाऊ नका. जे डबकं चोवीस तासांनी उरतं त्याच्या कडेने गेरूने रेघ ओढा, सगळ्यात खोल जागी पट्टी उभी धरून मिलिमीटर लिहा, फोटो काढा. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. जुलैमध्ये सलग दोन कोरडे दिवस मिळणं मुश्कील, तेव्हा मिळतील ते पकडा, नाहीतर नळीने पाणी सोडून हेच करा.

दोन दिवसांनंतरही जे राहतं, ते खरं साचणं. त्याचं वजन कमी समजू नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. आमच्या दहा बाय बाराच्या तळ्यात सरासरी इंचभर पाणी धरलं तरी पावणेतीनशे किलो होतात. शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत जायला आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक गच्ची बघायला येतात तेव्हा कोबा नवा आहे म्हणून सूट देत नाहीत.

२. आधी पाइप, कोबा नंतर

काम नवं असेल तर माझा पहिला संशय पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपवरच. गच्चीवर कोबा कालवतात, मोझाइकवर सिमेंटची स्लरी ओततात, संध्याकाळी पाणी मारून सगळं धुतात. ते धुतलेलं सिमेंट जातं कुठे? पाइपात. तिथे ते बसतं आणि पुढच्या पावसात त्यावर पानं अडकतात.

प्रत्येक तोंडाशी जाळी काढून टॉर्च मारा. मग दोन बादल्या पाणी एकदम ओता. पाणी गुरगुरत वर फुगलं तर पाइप तुंबलाय. नुसतं संथ गेलं तरी संशय घ्या. नंतर बादलीभर पाण्यात खायचा रंग कालवून ओता आणि मदतनिसाला खाली चेंबरपाशी उभं करा. रंग कुठल्या चेंबरमध्ये निघतो, किती वेळाने निघतो हे कळतं. आमच्या एका पाइपाचा रंग खाली निघालाच नाही. तो पार्किंगच्या मागच्या भिंतीतून पाझरला. तो जोड गेली कित्येक वर्षं निखळलेला होता आणि आम्ही त्या ओलीला "जमिनीची ओल" म्हणत होतो.

पाइपाच्या तोंडाची उंचीही बघा. तोंड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा खाली हवं. चांगला मिस्त्री तोंडाभोवती साधारण दीड फूट चौरसाचा बशीसारखा खोलगट भाग करतो. घाईचा मिस्त्री पाइपाची कड कोब्याच्या वर अर्धा इंच सोडतो, आणि मग तेवढं अर्धा इंच पाणी तुमच्या गच्चीवर कायमचं भाडेकरू. मेंब्रेन लावलेलं असेल तर ते तोंडात नीट आत वळवलंय का, की वळवताना चार इंचाचं तोंड अडीच इंचाचं झालंय, हे बोट घालून तपासा.

सपाट जाळी असेल तर बदलून घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळीवर पिंपळाची तीन पानं बसली की ती झाकण होते.

३. पाइप पुरेसे आहेत का?

हे गणित बांधकामाच्या प्रचलित कोष्टकातलं आहे आणि कोणालाही जमेल असं आहे. तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल, तर १०० मिमी व्यासाचा म्हणजे चार इंची एक पाइप साधारण ४२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४५० चौरस फूट गच्ची सांभाळतो. तीन इंची पाइप जेमतेम २० चौरस मीटर. म्हणजे व्यास एक इंचाने घटला की क्षमता निम्म्याहून खाली.

आमची गच्ची २,८०० चौरस फूट. या हिशोबाने चार इंची सहा पाइप तरी हवेत. बिल्डरने दिले होते चार. आणि नव्या कामानंतर चालू होते तीन. त्या चौथ्याची गोष्ट पुढे.

कोणी म्हणेल, तासाला शंभर मिलिमीटर कधी पडतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याला चोवीसने भागलं तर तासाला चाळीसही येत नाहीत. पण तो असा वाटून पडला नव्हता, बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. गच्चीचा पाइप दिवसाचा हिशोब ओळखत नाही, त्या एका तासाचा ओळखतो. सोलापूर किंवा जालन्यात राहत असाल तर एवढे पाइप लागणार नाहीत, पण वळवाचा पाऊस तिथेही पंधरा मिनिटांत गच्ची भरतो.

४. लेव्हल नळीने ढाळ (उतार) मोजा

इथे बहुतेक जण कंटाळतात आणि इथेच वाद संपतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नळीत पाणी भरा. पाण्यात थोडा खायचा रंग टाकला तर रेषा दिसायला सोपी. भरताना नळीचं एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या, आणि मग पूर्ण नळी उन्हाकडे धरून बुडबुडे शोधा. एक जरी बुडबुडा राहिला तरी सगळी मापं खोटी. आम्ही पहिला अख्खा रविवार असाच वाया घालवला. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघा, मगच मोजायला लागा.

कठड्यावर तीन फुटांच्या आसपास पेन्सिलीने एक खूण करा. मदतनीस नळीचं एक टोक तिथे धरून पाणी त्या खुणेला टेकवतो. तुम्ही दुसरं टोक घेऊन गच्चीवर दर पाच फुटांवर थांबा आणि नळीतल्या पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. आकडा मोठा म्हणजे जागा खोल. सगळे आकडे वहीत गच्चीचा चौकोन काढून त्यात लिहा. वीस मिनिटांत पाणी कुठे वळतंय हे कागदावरच दिसायला लागतं.

कोब्याचा ढाळ सहसा १ ला १०० धरतात, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच. जिथे पाऊस दांडगा तिथे १ ला ८० करून घेतलेला बरा. आमच्याकडे जिन्याच्या दारापासून जवळच्या पाइपापर्यंत वीस फुटांत अडीच इंच उतार हवा होता. निघाला अर्धा इंच. हा वहीचा कागद कंत्राटदारासमोर ठेवला तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत बसला.

५. कारण ओळखा

पाणी साचण्याची कारणं पुष्कळ, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून इथे घाई नको.

आमचं कारण असं निघालं. ईशान्येच्या कोपऱ्यातला जुना पाइप तिसऱ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघराच्या भिंतीत ओल आणत होता. काम चालू असताना कंत्राटदाराच्या माणसाने सोपा उपाय केला: तोंडात विटेचे तुकडे आणि माल भरून ते कायमचं बंद केलं आणि वरून कोबा घातला. ग्रुपवरच्या फोटोत ते दिसतं. त्याच फोटोच्या कडेला चहाचा कप धरलेला हात माझा आहे.

आता यात नुकसान नुसतं एका पाइपाचं नाही. पाइप गेला की त्या कोपऱ्यातल्या पाण्याला पुढच्या पाइपापर्यंत जावं लागतं, म्हणजे अंतर वाढतं. अंतर वाढलं की ढाळ राखायला दूरच्या टोकाला कोबा जाड हवा. १ ला १०० ने पस्तीस फूट अंतर असेल तर चढ सव्वाचार इंच, त्यात पाइपापाशी किमान अडीच इंच जाडी धरा, म्हणजे टोकाला पावणेसात. पण वाटेत जिन्याचा उंबरा होता. तिथे लागेल तेवढी उंची मिळेना. मिस्त्रीने काय केलं? दोन्ही टोकांना जमेल तेवढा माल टाकून मधला भाग सपाट ओढून घेतला. दोष त्याच्या हातात नव्हता, पाइप बंद करण्याच्या त्या एका निर्णयात होता.

तुमच्याकडे याहून वेगळं काही असू शकेल.

डबकं खालच्या घरातल्या खोलीच्या बरोबर मध्यावर, भिंतींपासून दूर आणि बशीच्या आकाराचं असेल तर स्लॅबच खाली वाकलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. अशा वेळी वरून माल भरून सपाट करणं हा सगळ्यात धोकादायक उपाय, कारण वाकलेल्या स्लॅबवर तुम्ही आणखी वजन ठेवता.

मेंब्रेन असेल तर जोडांपाशी लांबट, बोटभर रुंद पाणी दिसतं. मेंब्रेन खोल बाजूकडून लावत वर जायला हवं, म्हणजे वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढते, कौलांसारखी. उलट लावलं तर प्रत्येक जोड छोटासा बांध होतो.

सोलरचे पाय, टाकीचे ओटे, एसीची आउटडोअर युनिटं हेही पाणी अडवतात. टाकीचा ओव्हरफ्लो पाइप गच्चीवरच सोडलेला असेल तर ऐन मे महिन्यातही डबकं मिळेल, त्यात पावसाचा काही दोष नाही.

६. दुरुस्ती: काय करावं आणि काय करू देऊ नये

कंत्राटदार पहिल्यांदा सुचवेल तो उपाय बहुधा कोटिंगचा असेल. "साहेब, वरून पीयूचे (पॉलियुरेथेनचे) दोन हात मारून देतो." नम्रपणे नाही म्हणा. कोटिंग जमिनीचा आकार घेतं, बदलत नाही. तळ्यावर रंग दिला तर रंगीत तळं मिळतं.

दुसरा उपाय, खोलगट भागात साधं सिमेंट भरण्याचा. अर्ध्या इंचाहून पातळ साधा थर दोन उन्हाळ्यांत पापडासारखा सुटतो. छोटा खोलगटपणा असेल तर वरचं मोझाइक त्या पट्ट्यापुरतं काढून, पृष्ठभाग खरवडून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने ढाळ द्यावा आणि कडा जुन्या थरात नीट मिसळाव्यात.

तिसरा, "जुन्यावरच आणखी एक कोबा टाकू." हा मात्र अजिबात नको. साडेचार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. लोक वावरतात अशा गच्चीसाठी भारतीय मानकात माणसं-सामानाचा भार धरतात तो १५० किलो. म्हणजे नुसत्या दुसऱ्या कोब्यानेच तुम्ही तो सगळा भार खाऊन टाकता, आणि त्यानंतर कोजागरीला सत्तर माणसं वर जमतात.

आमच्याकडे शेवटी उपयोगी पडलं ते सर्वात साधं: पाणी जिथे जमतंय तिथेच त्याला दार काढून दिलं. खोल भागाजवळच्या विटांच्या कठड्यात कोअर कटिंगने गोल भोक पाडलं, त्यातून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप काढून बाहेरच्या भिंतीवरून थेट खालच्या पावसाच्या चेंबरपर्यंत नेला. भोक पाडण्याआधी इंजिनिअरला बोलावून बीम कुठे आहे ते खडूने आखून घेतलं. बीम कापून पाइप काढू नका, कोणी कितीही "काही होत नाही" म्हणालं तरी. भोकाभोवती वॉटरप्रूफिंग पाइपाच्या आत वळवून घेतलं, भिंतीलगतचा वाटा, म्हणजे भिंत आणि कोबा जुळतात तिथला गोलाईचा कोपरा, तुटला होता तो पुन्हा गोल करून घेतला. मग फक्त दहा बाय बाराच्या पट्ट्याचा ढाळ नव्याने काढला. बुजवलेला जुना पाइप उघडायचा विचार सोडून दिला, कारण तो भिंतीच्या आत होता आणि न्हाणीघर फोडावं लागलं असतं.

एक काम तुम्ही नक्की करून घ्या: कठड्यात, गच्चीच्या जमिनीपासून दोनेक इंचांवर, एक-दोन रिकामे पन्हाळ. सगळे पाइप तुंबले तर पाणी जिन्यात शिरण्याआधी तिथून धार लागेल. ती धार रस्त्यावरून दिसते, म्हणजे पानवालाच वर हाक मारतो.

७. पाणी भरून चाचणी, आणि त्यातला विसरला जाणारा अर्धा भाग

नवा कोबा आळी करून, पाणी तुंबवून किमान सात दिवस, जमलं तर चौदा दिवस ओला ठेवतात. त्यानंतर तोंडं कापडाचे बोळे आणि वाळूच्या पिशव्यांनी बंद करून सगळ्यात उंच जागीही इंचभर पाणी चढेल इतकं भरायचं, कठड्यावर पातळीची खूण करायची, ४८ तास थांबायचं, आणि खाली प्रत्येक घरात छत बघून यायचं. इमारत जुनी असेल तर एवढं पाणी भरण्याआधी इंजिनिअरला विचारा, कारण खोल कोपऱ्यांत पाणी बरंच जास्त होतं.

इथवर सगळे करतात. नंतर बोळे काढून घरी जातात. तुम्ही जाऊ नका. बोळे निघाल्यावर खुर्ची टाकून बसा आणि पाणी कुठून कुठे, किती वेळात जातं ते बघा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डबक्यांभोवती पुन्हा गेरू. शेवटचं बिल या फेरीनंतर.

८. कागदावर काय असावं

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती आणि पावसाची गळती हा सोसायटीचा खर्च. तेव्हा वरच्या मजल्यावाल्यांनी आपापसात वर्गणी काढून गुपचूप काम करून घेऊ नये. पुढे वाद झाला तर करार कोणाशी, हाच प्रश्न येतो.

आमच्या हमीपत्रात "दहा वर्षे गळतीची हमी" एवढंच होतं. तुम्ही काम द्यायच्या आधीच वर्क ऑर्डरमध्ये पुढची वाक्यं घाला, शब्द इकडेतिकडे चालतील:

"तयार पृष्ठभागाचा ढाळ पावसाच्या पाइपाकडे किमान १ ला १०० राहील. पाऊस थांबल्यानंतर ४८ तासांनी कोठेही ६ मिमीपेक्षा खोल पाणी राहणार नाही. अस्तित्वात असलेला कोणताही पाइप समितीच्या लेखी संमतीशिवाय बंद केला जाणार नाही. बिलाच्या १० टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवली जाईल."

तिसरं वाक्य आमच्या खिशातून आलं आहे.

काम आधीच होऊन गेलं असेल तर फोनवर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. गेरूचे फोटो, लेव्हलचा कागद आणि मुदत देणारं पत्र पोच घेऊन द्या. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. आमच्यावर ती वेळ आली नाही. राखून ठेवलेली रक्कम नव्हती, पण शेजारच्या दोन सोसायट्यांची कामं कंत्राटदाराला हवी होती आणि त्यांचे सेक्रेटरी आमची गच्ची बघायला येणार होते.

काम झाल्यावर गच्चीच्या किल्लीकडे लक्ष द्या. आमच्याकडे केबलवाला मोझाइकमध्ये ड्रिल मारून खिळा ठोकून गेला, तेही नव्या ढाळाच्या बरोबर मध्यभागी. आता किल्ली वॉचमनकडे असते, वहीत सही केल्याशिवाय मिळत नाही, आणि मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चार जण मिळून चारही तोंडांत दोन-दोन बादल्या ओततो. गेल्या वर्षी एका तोंडातून टेनिसचा चेंडू निघाला.